इंजिन बदललं, पण विमान?

आरमोरीजवळच्या एका गावात माझ्या मामाची राईस मिल आहे. मिल म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. टिनाचं शेड, एक हलर, वर आडवा शाफ्ट, कॅनव्हासचा पट्टा आणि दहा हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजिन. मी सेकंड इयरला असताना दिवाळीत घरी गेलो, तेव्हा मामाने विचारलं, "तू इंजिनिअर होऊन राहिला ना? मंग सांग बरं, हे डिझेलचं खटलं काढून मोटार बसवली तर जमन का?"

मी वहीच काढली! इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे, त्याची पुली सोळा इंची. मोटार मिनिटाला १४४० फेरे. म्हणजे मोटारीला साधारण सात इंची पुली लावली की शाफ्ट पूर्वीच्याच वेगाने फिरणार. वर मोटार दहाऐवजी पंधरा हॉर्सपॉवरची घ्या, कायमची कटकट मिटेल, असा सल्लाही दिला. मामाने उसने पैसे घेऊन मोटार बसवली.

धानाचा हंगाम ऐन भरात असताना मिल बंद पडली. झालं काय, तर सात इंची पुलीवर पट्ट्याची मिठी कमी पडली आणि पट्टा घसरू लागला. घसरतो म्हणून तो ताणून बसवला. त्या ताणाचा सगळा भार शाफ्टच्या बेअरिंगवर आला. त्यात मोटार चालू करताना बसणारा झटका वेगळाच. जुनं इंजिन आधी रिकामं चालू करायचं आणि मग पट्टा हळूच सरकवायचा, ही मामाची पद्धत मी हिशेबात धरलीच नव्हती. बेअरिंग गेलं, त्याची बैठक तडकली. आठ दिवस लोकांची पोती शेडमध्ये पडून होती. मामा मला एक शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मोटार चांगली हाये बापा, शाफ्ट आपला जुनाच हाये ना."

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्यानंतर काही महिन्यांनी ग्रंथालयात एका जुन्या बांधीव अंकात मला एका विमानाचं चित्र दिसलं. दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर बॉम्बर. त्याच्या पंखांवर नेहमीची चार इंजिनं होती आणि नाकावर पाचवा पंखा! जुन्या विमानाला नवं इंजिन लावण्याचे असे कितीतरी प्रयोग १९४३ पासून पुढची दहा-बारा वर्षं जगभर झाले. ते वाचताना मला प्रत्येक पानावर मामाची मिल दिसत होती. म्हणून हा लेख.

प्रश्न काय होता?

मित्रांनो, १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा हजारो बॉम्बर विमानं तयार उभी होती. एकट्या लँकेस्टरच्या सात हजारांहून जास्त प्रती बनल्या होत्या. ही सगळी पिस्टन इंजिनाची. म्हणजे तत्त्व आपल्या मोटारसायकलचंच, फक्त सिलिंडर बारा, चौदा किंवा अठरा. दुसरीकडे जेट इंजिन नुकतंच बाळसं धरत होतं. त्यात कॉम्प्रेसर हवा दाबतो, ज्वलनकक्षात इंधन जळतं, तापलेला वायू टर्बाइन फिरवतो आणि उरलेला झोत मागे जोराने बाहेर पडून विमानाला पुढे ढकलतो. टर्बोप्रॉप हा त्याचाच भाऊ. त्यात टर्बाइन झोतातली बहुतेक शक्ती काढून घेतं आणि गिअरबॉक्समधून पुढचा पंखा फिरवतं.

मग कोणाच्याही मनात येईल तो विचार आला. विमान तयार आहे, इंजिन नवं आहे, जुनं काढा आणि नवं लावा. नवं विमान बनवायला लागणारी वर्षं आणि पैसा वाचेल. हा विचार चुकीचा नव्हता. पण तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे कळायला थोडं गणित करावं लागतं.

थोडं गणित

पिस्टन इंजिन शक्ती देतं, ती हॉर्सपॉवरमध्ये मोजतात. जेट इंजिन ढकल, म्हणजे थ्रस्ट देतं, तो पौंडात किंवा न्यूटनमध्ये मोजतात. या दोघांची तुलना वेग ठरवल्याशिवाय करताच येत नाही, कारण शक्ती म्हणजे थ्रस्ट गुणिले वेग.

समजा विमान सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर वेगाने जात आहे. साधारण युद्धकाळातल्या बॉम्बरचा वेग. त्याचं एक इंजिन १००० हॉर्सपॉवर देत असेल आणि पंख्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर कामी येतात ८०० हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे ५९७ किलोवॅट. भागिले १०० केलं की ५९७० न्यूटन, म्हणजेच सुमारे १३४० पौंड थ्रस्ट मिळतो. त्या काळचं चांगलं पिस्टन इंजिन सावकाश चालवलं तर एका हॉर्सपॉवरला तासाला अर्ध्या पौंडाच्या आसपास पेट्रोल खायचं. म्हणजे तासाला ५०० पौंड. सुरुवातीची जेट इंजिनं मात्र एक पौंड थ्रस्टसाठी तासाला साधारण एक पौंड इंधन खायची. म्हणजे तेवढ्याच कामाला १३४० पौंड. अडीच पटीहून जास्त!

असं का होतं? जेट थोडी हवा घेतं आणि फार जोराने फेकतं. पंखा खूप हवा घेतो आणि हळूच मागे सारतो. यासाठी एक सोपं सूत्र आहे. विमानाचा वेग दुप्पट करा आणि त्याला विमानाचा वेग अधिक झोताचा वेग, या बेरजेने भागा. सेकंदाला १०० मीटर जाणारं विमान आणि ५०० मीटरचा झोत असेल तर २०० भागिले ६००, म्हणजे ३३ टक्के. पंख्यामागच्या हवेचा वेग १३० मीटर धरला तर २०० भागिले २३०, म्हणजे ८७ टक्के. आता तेच जेट सेकंदाला २३० मीटर जाणाऱ्या विमानाला लावा. ४६० भागिले ७३०, म्हणजे ६३ टक्के! जेट तेच, फक्त विमान वेगवान झालं, आणि कार्यक्षमता जवळजवळ दुप्पट झाली.

म्हणजे जेटचा फायदा घ्यायचा तर विमानाने वेगाने आणि उंचावरून जायला हवं. पण जुन्या बॉम्बरचे पंख जाड आणि सरळ. विशिष्ट वेगाच्या वर त्यांचा अवरोध एकदम वाढतो. मोटार पंधराची लावली तरी शाफ्ट जुनाच, तसं हे.

टर्बोप्रॉपची अडचण निराळी. आपण औद्योगिक भेटीला ऊर्जानगरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात जातो, तिथे ५०० मेगावॅटचा संच मिनिटाला ३००० फेरे फिरताना बघतो. टर्बाइन आणि जनरेटर एकाच शाफ्टवर असतात, कारण आपल्याला वीज ५० हर्ट्झचीच हवी. आता त्या वेगाने तीन मीटर व्यासाचा विमानाचा पंखा फिरवला तर त्याच्या टोकाचा वेग किती? ३.१४ गुणिले ३ गुणिले सेकंदाला ५० फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७० मीटर. आवाजाच्या वेगापेक्षा जास्त! पंखा हवा ढकलण्याऐवजी नुसता किंचाळेल. आणि विमानाचं छोटं टर्बाइन तर याहून कितीतरी जोरात फिरतं. रोल्स-रॉइसच्या डार्ट इंजिनाचे मिनिटाला १५,००० च्या आसपास फेरे, आणि पंख्याचे मात्र सुमारे १४००. मधला सगळा भार गिअरबॉक्सवर. टर्बोप्रॉपचं खरं दुखणं बऱ्याचदा तिथेच निघालं.

लँकेस्टरची शाळा

इंग्लंडने या कामासाठी लँकेस्टर आणि तिच्या बहिणी वापरल्या. १९४३ साली एका लँकेस्टरच्या शेपटीत मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं जेट इंजिन बसवून उडवलं. १९४६ साली लँकेस्ट्रियन या तिच्या प्रवासी आवृत्तीची बाहेरची दोन मर्लिन इंजिनं काढून तिथे रोल्स-रॉइसची नीन जेट बसवली. उड्डाणानंतर आतली दोन पिस्टन इंजिनं बंद करून विमान नुसत्या जेटवर चालवता यायचं. २३ नोव्हेंबर १९४६ रोजी ते अशाच पद्धतीने लंडनहून पॅरिसला सुमारे ५० मिनिटांत पोचलं. १९४७ साली लिंकन बॉम्बरच्या बाहेरच्या इंजिनांच्या जागी ब्रिस्टल थिसियस टर्बोप्रॉप बसवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लँकेस्टरच्या नाकावर डार्ट इंजिन उडालं. मी ग्रंथालयात बघितलेलं चित्र याच मालिकेतलं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. जुनी इंजिनं सगळी काढली नाहीत, निदान दोन ठेवलीच. नवं बंद पडलं तर जुन्यावर परत येता यावं. लँकेस्टरमध्ये बॉम्बसाठी भरपूर जागा होती, तिथे मोजमापाची साधनं मावायची. तिचा वेग कमी होता, पण इथे वेग नकोच होता. नवं इंजिन खऱ्या हवेत, खऱ्या थंडीत तपासायचं होतं. म्हणजे तिला जेट बॉम्बर करण्याचा हट्ट कोणी धरला नाही. तिला जेटची प्रयोगशाळा केली.

त्याचं फळ आपल्यापर्यंत आलं. डार्ट इंजिन पुढे व्हायकाउंट, फ्रेंडशिप आणि अव्ह्रो ७४८ या विमानांना लागलं. ही तिन्ही इंडियन एअरलाइन्सने वापरली. अव्ह्रो ७४८ तर कानपूरला बनायचं, तिथल्या पहिल्या विमानाने १ नोव्हेंबर १९६१ रोजी उड्डाण केलं. आणि लँकेस्टर बनवणारी कंपनी कोणती? अव्ह्रोच.

ज्यांनी पूर्ण विमानच बदलायचं ठरवलं

अमेरिकेत कॉन्व्हेअर कंपनीचं बी-३६ हे सहा पिस्टन इंजिनांचं प्रचंड बॉम्बर होतं. आधी त्याला मदतीला चार जेट जोडली, ते जमलं. मग कंपनीने तिरके पंख आणि आठ जेट लावून त्याचं वायबी-६० केलं. सुमारे ७२ टक्के भाग बी-३६ चेच. ते १८ एप्रिल १९५२ रोजी उडालं. तीनच दिवस आधी बोइंगचं बी-५२ उडालं होतं. त्यालाही तशीच आठ जेट, पण विमान पहिल्यापासून जेटसाठी आखलेलं. वायबी-६० त्याच्यापेक्षा ताशी सुमारे १६० किलोमीटरने मागे पडलं. कारण पंख तिरका केला तरी जाडच राहिला. १९५३ च्या जानेवारीत काम थांबलं. बी-५२ आजही सेवेत आहे.

रशियाने दुसरा रस्ता धरला. त्यांनी अमेरिकेच्या बी-२९ ची हुबेहूब नक्कल करून टीयू-४ बनवलं होतं. त्यातून टीयू-८०, टीयू-८५ आणि शेवटी टर्बोप्रॉपवर चालणारं टीयू-९५ निघालं. पंख नवे, ३५ अंशांनी मागे वळवलेले. धडाचा व्यास मात्र बी-२९ चाच, २.९ मीटर. पहिला नमुना १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये उडाला आणि ११ मे १९५३ रोजी पडला. एका इंजिनाच्या गिअरबॉक्समधला गिअर तुटला, आग लागली. वैमानिक पेरेल्योत आणि काही सहकारी त्यात गेले. मग वेगळं इंजिन, सुधारलेला गिअरबॉक्स, आणि दुसरा नमुना थेट १९५५ मध्ये उडाला. हे नवं इंजिन तपासायला काय वापरलं? जुनं टीयू-४! याच कुळातलं टीयू-१४२ आपल्या नौदलाने १९८८ ते २०१७ पर्यंत वापरलं.

आपल्याकडे, पुण्यात

आता महाराष्ट्रात येऊ. इंग्रज जाताना कानपूरला बरीच बी-२४ लिबरेटर बॉम्बर निकामी करून टाकून गेले होते. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती दुरुस्त केली आणि १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावर वायुदलाची पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे सहाव्या स्क्वाड्रनने पुण्याजवळच्या लोहगावहून लिबरेटर समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली. चार इंजिनं, प्रत्येकी १२०० हॉर्सपॉवर.

मला इथे एक प्रश्न पडला. १९५७ साली पाचव्या स्क्वाड्रनला कॅनबेरा हे जेट बॉम्बर मिळालं. (त्याचं एव्हॉन इंजिन १९४८ साली लँकेस्ट्रियनवर तपासलेलं होतं.) मग सहाव्या स्क्वाड्रनची लिबरेटर १९६८ च्या अखेरपर्यंत का उडत राहिली? पैसा हे कारण असेलच. पण वरचं गणित पुन्हा बघा. बॉम्बरला पटकन जाऊन पटकन यायचं असतं, तिथे जेट हवं. समुद्रावर टेहळणी करणाऱ्याला तासन्‌तास, खाली आणि सावकाश फिरायचं असतं. तिथे त्या काळचं जेट म्हणजे अडीच पट इंधन. लिबरेटरचा लांब, अरुंद पंखही दूर जाण्यासाठीच होता. आपल्या लोकांनी बॉम्बरच्या कामाला विमानच नवं घेतलं आणि टेहळणीला जुनं तसंच ठेवलं. लिबरेटरच्या जोडीला आलेलं सुपर कॉन्स्टेलेशनही पिस्टनचंच. पुढे नौदलाने याच कामाला टर्बोप्रॉपची आयएल-३८ आणि टीयू-१४२ घेतली. २०१३ पासून पी-८आय हे जेट आलं, पण त्याचं इंजिन टर्बोफॅन आहे. म्हणजे पुढचा मोठा पंखा गाभ्याच्या पाचपट हवा बाहेरून हळू सारतो. सूत्र तेच, झोताचा वेग कमी केला.

आणि एक बदल आपल्याकडे यशस्वीही झाला! वायुदलाचं सी-११९ पॅकेट हे दोन पिस्टन इंजिनांचं मालवाहू विमान. प्रत्येक इंजिन ३५०० हॉर्सपॉवरचं. ते लडाखमध्ये जायचं. ५००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असते. तिथे एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर डोंगर ओलांडणं मुश्कील. म्हणून १९६० च्या दशकात पॅकेटच्या पाठीवर एक छोटं जेट बसवलं. आधी अमेरिकन, नंतर बंगळुरूला बनणारं ऑर्फियस, म्हणजे आपल्या नॅट लढाऊ विमानाचंच इंजिन. याच पॅकेट जातीचं विमान स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी २३ जुलै १९६२ रोजी दौलत बेग ओल्डी इथे उतरवलं होतं, १६,००० फुटांहून जास्त उंचीवर.

पाठीवरचं जेट का जमलं? कारण त्याच्याकडून फार मागितलं नाही. उड्डाण, चढण आणि अडचणीच्या वेळेपुरतं ते चालवायचं, एरवी बंद. म्हणजे इंधनाची उधळपट्टी नाही. जुनी इंजिनं, जुने पंख, जुना वेग तसेच. नव्या इंजिनाने फक्त जिथे जुनं कमी पडत होतं तेवढी जागा भरली.

मला काय कळलं

एक, इंजिन बदलण्याआधी ते कशाला जोडलेलं आहे ते मोजा. पंख, गिअरबॉक्स, इंधनाच्या टाक्या, तोल, चाकं, आणि ते चालवणाऱ्या माणसाची सवयसुद्धा. जुन्या डाकोटाला आज टर्बोप्रॉप लावतात, तेव्हा तिचं धड सुमारे एक मीटर लांब करतात आणि सांगाडा मजबूत करतात. याच डाकोटा १९४९ पासून आपल्या नागपूरला मध्यरात्री टपालाच्या पिशव्या बदलायला यायच्या. तर नुसतं इंजिन बदलून तिचंही भागत नाही.

दोन, काम काय आहे ते आधी विचारा. जास्त हॉर्सपॉवर हे उत्तर नाही. प्रश्न कोणता, यावर उत्तर ठरतं.

तीन, प्रयोग करायचा तर जुनं चालू ठेवून करा. लँकेस्ट्रियनवाल्यांनी दोन मर्लिन ठेवली होती. मी मामाचं डिझेल इंजिन हंगामाच्या तोंडावर सरळ उखडायला लावलं. ते शेडच्या कोपऱ्यात राहू दिलं असतं, तर आठ दिवस पोती अडकली नसती. ही चूक माझी, मोटारीची नाही.

नंतर आम्ही मध्ये एक छोटा काउंटरशाफ्ट टाकला, मोटारीपासून तिथपर्यंत व्ही-बेल्ट घेतले, झटका कमी करायला स्टार-डेल्टा स्टार्टर लावला आणि बेअरिंगची बैठक नवीन ओतून घेतली. यात मोटारीच्या किमतीच्या जवळपास पुन्हा खर्च आला. तो आधी हिशेबात धरला असता, तर कदाचित मामाने दहाचीच मोटार घेतली असती आणि तेवढ्यात भागलंही असतं. मिल आता नीट चालते. डिझेल इंजिन मामाने विकलं नाही. लाईट गेली की पट्टा त्याच्यावर चढवतो.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याला पाठीवर जेट लावलेल्या पॅकेटचं चित्र दाखवलं. त्याने ते बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे खालचे दोन पंखे काढले नाही ना त्यायनं?" मी म्हटलं, नाही. "मंग बराबर हाये," मामा म्हणाला.